परमुलखातला आपला माणूस

राजदूत म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढं काय उभं राहतं? बंद गळ्याचा काळा कोट, वर झुंबरांचा लखलखाट, हातात सरबताचा पेला (सरबताचाच, असं आपण समजून चालू या!) आणि ओठांवर एक हसू. त्या हसण्याचा अर्थ ज्याला जसा सोयीचा वाटेल तसा त्यानं लावावा. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांत ही मंडळी दिसतात ती सह्या करणाऱ्या मंत्र्यांच्या मागं, दुसऱ्या रांगेत, कागद पुढं सरकवताना. लग्नाच्या फोटोत आहेराची पिशवी सांभाळणारी एखादी आत्या असते ना, तशी. सगळं तिच्यावाचून अडलेलं असतं, पण फोटो पाहणारा विचारतो तो नवरानवरीबद्दल!

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला शब्दांचा नाद असतो. या मंडळींच्या कचेरीला आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे : वकिलात. आज वकील म्हटला की काळा डगला नि कोर्टाच्या पायऱ्या आठवतात. परंतु पेशवाईत वकील कोर्टात नसे, तो दरबारात असे. धन्याच्या वतीनं परक्या दरबारी उभा राहणारा, त्याचा शब्द तिथं मांडणारा आणि तिथला शब्द इकडं कळवणारा तो वकील. दिल्लीला हिंगण्यांच्या घराण्यानं हे काम वर्षानुवर्षं केलं, हैदराबादेला निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. त्यांच्या काळची ही वकिली पत्रं चाळावीत. तहाच्या वाटाघाटी तर त्यांत असतातच; पण कोण कुणाच्या भेटीला गेलं, कुणाची प्रकृती बिघडली, कुणाला मानाची वस्त्रं मिळाली नि कुणाची राहिली, हेही असतं. पुढं इंग्रजी कोर्टं आली, वकील तिकडं गेला आणि दरबारातली त्याची रिकामी जागा तेवढी 'वकिलात' या शब्दात शिल्लक राहिली.

या शब्दाचा खरा अर्थ मात्र मला कोशात सापडला नाही. तो सापडला शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत.

माझा एक जुना विद्यार्थी तिथं मशीन शॉप चालवतो. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगला भोकं पाडणं, ती घासूनपुसून मापात आणणं हा त्याचा उद्योग. वर्गात अलंकार शिकताना तो खिडकीबाहेर पाहत बसे. आता त्याच्याकडं वीस माणसं आहेत आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरकही त्याला खपत नाही. एका खंडेनवमीला त्यानं पूजेला बोलावलं. पंचगंगेचा पूल ओलांडून मी गेलो. एरवी तिथल्या हवेत तापल्या लोखंडाचा नि जळक्या वाळूचा वास असतो. त्या दिवशी भट्ट्या थंड होत्या. लेथ, ड्रिल सगळे धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून एखाद्या घरच्या बैलासारखे उभे होते. कोपऱ्यात लाकडी पेट्या रचलेल्या. त्यांवर परदेशी बंदराचं नाव. "सर, तुमचा विद्यार्थी कुठं पोचला नसला तरी त्याचं लोखंड पोचलंय बघा," तो म्हणाला.

प्रसादाच्या वेळी एक चाळिशीचा वेल्डर माझ्याशेजारी बसला होता. शिरोलीचाच. सौदी अरेबियात तो काही वर्षं काढून आला होता. आला होता म्हणण्यापेक्षा सुटून आला होता म्हणावं. २०१६ साली तिकडं तेलाचे भाव पडले, बांधकामाच्या काही मोठ्या कंपन्या अडचणीत आल्या आणि हजारो हिंदी कामगार पगारावाचून छावण्यांत अडकून पडले. त्यांतला हा एक.

"चार म्हैनं पगार न्हाई, सर," तो सांगू लागला. "मग क्यांपातलं जेवाण बंद झालं. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. जाणार कुठं? घरी फोन केला की सांगायचं, सगळं झ्याक हाय. एक दिवस गाडी आली. आपल्या वकिलातीचा एक पोरगेला साहेब उतरला. समदी एकदम वरडाय लागली. कुणी रडतंय, कुणी शिव्या देतंय. त्यानं वही काढली आणि पयल्यांदा काय इचारलं असंल?"

"काय?"

"'सुबह से किस-किस ने खाया नहीं है?' बास. येवढंच. सगळी गप झाली बघा."

मग त्या अधिकाऱ्यानं एकेकाचं नाव, गाव, पासपोर्टचा नंबर लिहून घ्यायला सुरुवात केली. यानं सांगितलं, शिरोली. त्यानं लिहिलं, शिरोळ.

"मी म्हटलं, सायेब, शिरोळ तालुक्याचं गाव, ते तिकडं. आमची शिरोली पुलाची. तर म्हणतो कसा, 'पुलाची मतलब?' म्हटलं, ब्रिज, ब्रिज! त्यानं आधीचं खोडलं, नीट लिवलं आणि म्होरं ब्रिजबी लिवलं. तवा मला वाटलं, ह्यो माणूस बरोबर लिवतोय. आता आपुन घरला पोचतोय."

तो पोचला. सौदी सरकारनं अशा कामगारांना परतीची परवानगी आणि प्रवासाची सोय मान्य केली होती. राहिलेला पगार पुरता मिळाला का, असं मी विचारलं, तेव्हा त्यानं नुसती मान हलवली नि प्रसादाचा द्रोण उचलला.

त्या दिवशी मला 'वकिलात' या शब्दाचा अर्थ कळला. ज्या गावात आपलं नाव कुणाला धड लिहिता येत नाही, तिथं ते नीट लिहून घेणारा नि आधी जेवलास का म्हणून विचारणारा माणूस म्हणजे वकील. करार, मेजवान्या, भाषणं हा त्या कामाचा मांडव. देव बसलेला असतो तो या विचारपुशीत.

पण या विचारपुशीला हातपाय किती, हेही समजून घ्यायला हवं. वकिलातीजवळ पोलीस नसतात. परक्या देशात ती कुणाला अटक करू शकत नाही, कुणाची सुटका करू शकत नाही, मालकाच्या तिजोरीतून पगार काढून देऊ शकत नाही. ती विचारू शकते, लिहू शकते, पुन्हा विचारू शकते. राजदूतांचे हक्क आणि कर्तव्यं १९६१ च्या व्हिएन्ना करारानं ठरली, कॉन्सल म्हणजे वाणिज्यदूतांची १९६३ च्या दुसऱ्या करारानं. या दुसऱ्या कराराचं छत्तिसावं कलम मला फार माणुसकीचं वाटतं. परदेशी माणसाला अटक केली तर त्याला सांगायचं, की बाबा, तुझ्या देशाच्या कचेरीला कळवण्याचा तुला हक्क आहे. आणि त्या कचेरीच्या माणसाला त्याला तुरुंगात जाऊन भेटू द्यायचं. हे एवढंच.

आणि एवढंच केवढं मोठं आहे, ते कुलभूषण जाधवांच्या खटल्यात दिसलं. भारतीय नौदलातले हे निवृत्त अधिकारी २०१६ पासून पाकिस्तानच्या ताब्यात. २०१७ च्या एप्रिलमध्ये लष्करी न्यायालयानं त्यांना फाशी सुनावली. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तो मुख्यतः या छत्तिसाव्या कलमाचं बोट धरून : आमच्या माणसाला आम्हांला भेटूच दिलं नाही! भारताची बाजू मांडली ती हरीश साळवे या मराठी वकिलानं, एक रुपया मेहनतान्यावर. १७ जुलै २०१९ ला न्यायालयानं पाकिस्ताननं कराराचा भंग केल्याचा निकाल दिला, शिक्षेचा फेरविचार व्हायला हवा असं सांगितलं आणि तोवर फाशी थांबवली. सुटकेचा हुकूम मात्र त्या न्यायालयानं दिला नाही. विचारपुशीचा हक्क मान्य झाला म्हणजे दार उघडलंच असं नाही. पण दाराशी कुणी उभं आहे, हे आतल्या माणसाला कळतं.

तुम्ही म्हणाल, हे झालं आजचं. ज्यांना असा वकील नव्हता, किंवा होता पण त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं, त्यांचं काय झालं? त्यासाठी आम्हां कोल्हापूरकरांना लांब जायला नको.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले. वय अवघं विशीचं. लंडन पाहिलं, राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, रोजनिशी लिहिली. परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथंच वारले. कल्पना करा. ज्या देशात दहनाची रीत नाही, तिथं बरोबरच्या मंडळींना आपल्या राजाला अग्नी द्यायचा आहे. भाषा येत नाही, कायदा माहीत नाही. संस्थानांना बाहेरच्या देशांशी परस्पर व्यवहार ठेवायची मुभा नव्हती. म्हणजे राजा कोल्हापूरचा, पण त्याचा परदेशातला आवाज इंग्रजांचा. अखेर शहराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर महाराजांचं दहन झालं. आपल्याकडं संगमाचं माहात्म्य. तो नेमका तिथं मिळाला! १८७४ साली त्या जागी छत्री उभी राहिली. तीत फेटा बांधलेल्या तरुण राजाचा अर्धपुतळा आहे. पुढं जवळच झालेल्या मोठ्या पुलालाही लोकांनी याच 'इंदियानो'चं, म्हणजे हिंदी माणसाचं, नाव दिलं. शिरोली पुलाची, तसा तो पूल आमच्या राजाचा.

दुसरी गोष्ट साताऱ्याची. १८३९ साली इंग्रजांनी प्रतापसिंह छत्रपतींना गादीवरून काढलं. त्यांची दाद लावायला रंगो बापूजी गुप्ते हे वकील लंडनला गेले. तिथल्या थंडीत, परक्या भाषेत, कंपनीच्या भागीदारांच्या सभांतून नि पार्लमेंटच्या दारांतून ते सांगत राहिले, की माझ्या धन्यावर अन्याय झाला आहे. १८४७ साली प्रतापसिंह काशीला वारले. १८४८ साली साताऱ्याचं राज्यच खालसा झालं. ज्याची वकिली करायची तो धनी नाही, ज्या गादीसाठी भांडायचं ती गादी नाही. आणि तरी हा गृहस्थ १८५३ पर्यंत लंडनला टिकून होता! परतल्यावर १८५७ च्या उठावात त्यांच्या मुलाला साताऱ्यात मृत्युदंड झाला आणि रंगो बापूजी स्वतः असे नाहीसे झाले की पुन्हा कुणाला दिसले नाहीत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला आहे, तो जरूर वाचावा. यशाच्या हिशेबात ही वकिली शून्य. पण निष्ठेच्या हिशेबात?

तिसरी गोष्ट तर शिरोलीपासून काही किलोमीटरवर, वळिवड्याला घडली. दुसऱ्या महायुद्धात घरादाराला मुकलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. आमच्या आजोबांच्या पिढीला त्यांची चांगली आठवण होती. गोरी पोरं पंचगंगेत पोहायची, रंकाळ्यावर फिरायची आणि मोडकं मराठी बोलायची, म्हणे. या लोकांचा वाली कोण? मुंबईतला पोलंडचा कॉन्सल, बानासिन्स्की. त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का या पोलिश रेड क्रॉसच्या प्रतिनिधी म्हणून पोरक्या मुलांना हिंदुस्थानात आणण्याच्या कामात पुढं होत्या. देश जर्मनीनं नि रशियानं वाटून घेतलेला, सरकार लंडनला आश्रयाला, आणि त्या सरकारचा शिक्का घेऊन हे जोडपं मुलांच्या शाळा, दूध, औषधं यांची व्यवस्था पाहत होतं.

पण १९४५ च्या जुलैत ब्रिटननं वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता गेली. काल ज्या शिक्क्याला किंमत होती, तो आज नुसता रबराचा तुकडा! छावणी पुढं १९४८ पर्यंत चालली. माणसं कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी आपल्या देशी अशी पांगली. किराबाई हिंदुस्थानातच राहिल्या. आज कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्या पोलिश मंडळींचा स्मृतिस्तंभ आहे, वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं. दोन देशांमधल्या सलोख्याचा पाया कधी कधी असा कुणाच्या तरी पोरांना दूध मिळालं यावर उभा असतो.

आपला स्वतःचा शिक्का आपल्याला मिळाला तो स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. ९ ऑक्टोबर १९४६ रोजी भारतीय परराष्ट्र सेवेची स्थापना ठरली. तो दिवस अजून त्या सेवेचा वाढदिवस म्हणून पाळतात. सुरुवातीच्या त्या पिढीत आपल्या औंधचे राजपुत्र अप्पा पंत होते. सूर्यनमस्काराचा प्रसार करणाऱ्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे हे चिरंजीव १९४८ साली नैरोबीला भारताचे कमिशनर म्हणून गेले. तिथं गोऱ्यांच्या चहापार्ट्यांत रमण्याऐवजी त्यांनी आफ्रिकन पुढाऱ्यांशी मैत्री जोडली, आणि केनियातल्या इंग्रज सरकारला ते इतकं खुपलं की १९५४ साली त्यांना तिथून हलावं लागलं. पुढं ते इंडोनेशिया, नॉर्वे, ईजिप्त असे करीत लंडनला उच्चायुक्त झाले. ज्या लंडनात रंगो बापूजींना दारं ठोठवावी लागली, तिथं साताऱ्याकडचाच एक माणूस स्वतंत्र देशाचा वकील म्हणून गेला. काळाचा हिशेब पुरा व्हायला कधी कधी सव्वाशे वर्षं लागतात.

माझा एक वर्गमित्र या खात्यात आहे. फार वरच्या जागेवर नाही. मी त्याला एकदा विचारलं, "अरे, तुम्ही करता काय दिवसभर?"

"वाचतो नि लिहितो. तुझ्यासारखंच," तो म्हणाला. "सकाळी तिथली वर्तमानपत्रं वाचायची. त्यांत काय आलंय यापेक्षा काय आलेलं नाही ते बघायचं. मग दिल्लीला लिहायचं. तिकडचं पत्र आलं की इकडच्या सरकारला लिहायचं."

"आणि मेजवान्या?"

"मेजवानीत जेवतो कोण? कोण कुणाशी बोलतंय नि कोण कुणाला टाळतंय, ते पाहायचं. घरी येऊन रात्री अकराला खिचडी टाकायची."

त्यानं मला त्यांच्या खलित्याची रीतही सांगितली. एका वकिलातीनं परक्या सरकारला लिहायचं ते बहुतेक तृतीय पुरुषात. 'मी' नाही, 'तुम्ही' नाही. 'अमुक देशाची वकिलात तमुक खात्याला सादर अभिवादन करते आणि कळवते की...' पत्रात निषेध असो नाहीतर धमकी, सुरुवात अभिवादनानं आणि शेवटही आदरानं. मला हसू आलं. आमची जुनी पत्रंही 'राजमान्य राजश्री' पासून सुरू व्हायची आणि मग हळूच कर्जाचा तगादा यायचा! मला वाटतं, या रीतीत शहाणपण आहे. ज्याच्याशी उद्या पुन्हा बोलायचं आहे, त्याच्या तोंडावर दार आपटू नये.

पण त्यानं सांगितलेलं एक काम मनातून जात नाही. परदेशात माणूस मेला की वकिलातीचं काम सुरू होतं. तिथला मृत्यूचा दाखला, पोलिसांचा कागद, मालकाचं पत्र, शव टिकवल्याचा दाखला, पासपोर्ट रद्द केल्याचा शिक्का, वकिलातीचं ना-हरकत पत्र. यांतला एक कागद कमी पडला तरी पेटी विमानात चढत नाही. घरच्यांची ऐपत नसली तर २००९ साली सुरू झालेल्या कल्याण निधीतून खर्च करायचा. आणि या सगळ्याच्या आधी एक फोन.

"हा फोन तू कसा करतोस?" मी विचारलं.

तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आधी विचारतो, जवळ कुणी मोठं माणूस आहे का? फोन त्यांच्याकडं द्यायला सांगतो. समोरचं माणूस मराठी असलं तर मराठीतच बोलतो. अशी बातमी परक्या भाषेत ऐकायला लागू नये कुणाला."

पंचवीस वर्षं मी मातृभाषेचं महत्त्व या विषयावर निबंध लिहून घेतो आहे. इतकं खरं वाक्य एकाही निबंधात मिळालं नाही.

याच मित्राची आई गेली, तेव्हा तो दोन विमानं बदलून पोचला तो तिसऱ्या दिवशी. दहन होऊन गेलं होतं. कित्येकांच्या पेट्या वेळेवर घरी पाठवणारा हा माणूस आपल्या आईच्या खांद्याला नव्हता. त्याची मुलगी तीन देशांत तीन शाळा शिकली. 'आपलं गाव कुठलं?' असं ती विचारते, तेव्हा तो सांगतो खरं, पण तिला ते फक्त सुट्टीचं गाव वाटतं. बायकोनं शिक्षिकेची नोकरी सोडली ती कायमची. या सेवेत आलेल्या स्त्रियांची वाट तर आणखी खडतर होती. १९४९ साली परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या सी. बी. मुथम्मा या पहिल्या महिला अधिकारी. लग्न करायचं तर सरकारची लेखी परवानगी घ्या, असा नियम फक्त बायकांना! मुथम्माबाईंनी थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं, तेव्हा १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असल्या नियमांचे वाभाडे काढले.

कधी किंमत याहून मोठी असते. पुण्यात कर्वेनगर, एरंडवण्याच्या बाजूनं शहरात येताना मुठेवरच्या म्हात्रे पुलावरून रोज हजारो माणसं जातात. वाहतुकीच्या कोंडीला नावं ठेवतात नि पुढं जातात. म्हात्रे कोण, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? रवींद्र म्हात्रे हे बर्मिंगहॅमच्या भारतीय कचेरीतले अधिकारी. फेब्रुवारी १९८४ मध्ये, कचेरी सुटल्यावर बसमधून उतरून घरी निघाले असता त्यांना पळवून नेण्यात आलं. काश्मीरच्या नावानं लढणाऱ्या एका अतिरेकी गटाला आपला तुरुंगातला माणूस सोडवून हवा होता. काही दिवसांतच म्हात्र्यांचा मृतदेह मिळाला. त्या संध्याकाळी त्यांच्या हातात मुलीच्या वाढदिवसाचा केक होता. घराकडं केक घेऊन, बसनं जाणारा माणूस. आपण ज्याला राजदूताचा थाट म्हणतो, तो हा.

आणि तरी आपल्या मुलांनी या वाटेला जाऊ नये, असं मला वाटत नाही. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुल लाट या खेड्यातून निघालेले ज्ञानेश्वर मुळे १९८३ साली परराष्ट्र सेवेत गेले. जपानपासून सुरुवात करून मालदीवला उच्चायुक्त, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत आणि शेवटी दिल्लीत परराष्ट्र खात्याचे सचिव झाले. 'माती, पंख आणि आकाश' हे त्यांचं पुस्तक आमच्या मुलांच्या हातांत दिसतं, तेव्हा बरं वाटतं. ते सचिव असताना, २०१७ पासून, टपाल कचेऱ्यांत पासपोर्टची केंद्रं उघडू लागली आणि कोल्हापूरलाही केंद्र मिळालं. एरवी पासपोर्ट म्हणजे पुण्याची फेरी, एक रजा नि दोन वेळचं हॉटेलचं जेवण! परराष्ट्र धोरण असं पोस्टाच्या खिडकीतही असतं, हे खेड्यातून गेलेल्या माणसाला अधिक कळत असावं.

आज आपल्यातलं कोणतं घर परदेशापासून लांब आहे? कुणाचा मुलगा जर्मनीत एम.एस. करतो, कुणाची भाची दुबईला परिचारिका आहे. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा तिथं डॉक्टरी शिकणाऱ्या मुलांत आपल्या जिल्ह्यातलीही होती. बावीस हजारांहून अधिक भारतीयांना त्या वेळी परत आणलं. ज्या आयांनी त्या रात्री जागून काढल्या, त्यांना वकिलात म्हणजे काय ते या लेखाच्या पुष्कळ आधी कळलेलं आहे.

तेव्हा एक सुचवतो. या दिवाळीत तुम्ही परदेशी फराळ पाठवाल. चकल्या मोडू नयेत म्हणून कागदाचे बोळे घालाल, चिवड्याची पिशवी तीनदा बांधाल. त्या डब्यात एक चिठ्ठीही घाला. तिथल्या आपल्या वकिलातीचा पत्ता आणि रात्री-अपरात्री लागणारा फोन नंबर तिच्यावर लिहा. मुलाला सांगा, तिथं जाऊन नाव नोंदव. पासपोर्टची एक प्रत मालकाकडं नाही, तुझ्याकडं ठेव. आणि कागदावरचं आपलं नाव नि गाव एकदा नीट वाचून बघ. शिरोली म्हणजे शिरोली, शिरोळ नव्हे. एका अक्षरानं माणूस भलत्याच गावाला पोचतो.

मुलगा हसेल. "बाबा, काही होत नाही हो," म्हणेल. हसू दे. त्या चिठ्ठीचं काम कधीच न पडो.